धनुष्य की ठासणीची बंदूक?

सप्टेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला निघालेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागतं. आणि ते उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, मंडळी!

डेन्व्हरहून आय-७० हायवेने पश्चिमेला निघालं की आधी आयझेनहॉवर बोगदा लागतो. समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांवर! मग ग्लेनवूड कॅन्यन, सोबत खळाळणारी कोलोरॅडो नदी, आणि थोड्या वेळाने एक गाव येतं. गावाचं नाव रायफल. चक्क रायफल! कुणीतरी आपली रायफल इथे ओढ्याकाठी विसरून गेला म्हणून ओढ्याला ते नाव पडलं आणि ओढ्यावरून गावाला, अशी इथली गोष्ट आहे.

गंमत म्हणजे, आम्ही ज्या कामासाठी निघालो होतो त्यात रायफलला मज्जाव होता. रायफल गावाहून उत्तरेला तासाभरात मीकर येतं. मीकरच्या वरच्या अंगाला फ्लॅट टॉप्स नावाचं अफाट पठार आहे. सप्टेंबरात इथल्या जवळजवळ सगळ्या जंगलात एल्क मारायचा तर दोनच साधनं चालतात. एक तर धनुष्यबाण, नाहीतर ठासणीची बंदूक. रायफलवाल्यांची पाळी ऑक्टोबरात येते. आणि दोन्हीपैकी जे निवडाल तेच परवान्यावर लिहिलेलं असतं. सकाळी हे, संध्याकाळी ते, असला मामला नाही.

तुम्ही म्हणाल, २१ व्या शतकात ही काय भानगड? चंद्रावर जाऊन आलेला देश आणि शिकारीला धनुष्यबाण? माझाही पहिला प्रश्न हाच होता. माझा मावसभाऊ १४ वर्षं डेन्व्हरमध्ये आहे, दिवसभर डेटाबेस सांभाळतो. तो म्हणाला, "अरे, सोपं असतं तर त्याला शिकार कशाला म्हणतील? मग सुपरमार्केट काय वाईट आहे?"

कळसूबाईहून उंच गाव

मीकर म्हणजे जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. एक मुख्य रस्ता, शेजारून वाहणारी व्हाइट रिव्हर, आणि १८९६ सालचं विटांचं मीकर हॉटेल. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १९०१ च्या हिवाळ्यात या भागात पहाडी सिंहांच्या शिकारीला आले होते, ही गोष्ट गावात अजून कालच घडल्यासारखी सांगतात. गावाची उंची ६,२०० फुटांच्या वर. म्हणजे आपली कळसूबाई ५,४०० फुटांची, तिच्याहून उंचावर इथे किराणा मालाचं दुकान आहे! पहिल्या दिवशी दोन जिने चढलो आणि धाप लागली. दादाने ओळखीचं हसू हसून पाण्याची बाटली पुढे केली.

सप्टेंबरात गावात आणखी एक मजा असते. मेंढरं हाकणाऱ्या कुत्र्यांची मोठी स्पर्धा भरते, १९८७ पासून. पिकअप ट्रकमधून उतरणारे निम्मे लोक कुत्रे घेऊन आलेले, तर निम्मे शिकारीचे हिरवे-करडे कपडे घालून. कॉफीच्या रांगेत मात्र सगळे एकच.

या गावाच्या नावामागे एक कडू इतिहासही आहे. हा सगळा मुलूख मूळचा यूट लोकांचा. नेथन मीकर हा सरकारी एजंट त्यांना शेतकरी बनवायच्या हट्टाला पेटला, त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीचं मैदानही त्याने नांगरायला घेतलं. १८७९ साली यूटांनी त्याला आणि त्याच्या माणसांना ठार केलं. त्याचा सूड म्हणून १८८१ साली इथल्या यूटांना घरदार सोडून युटाहमध्ये जावं लागलं. ज्यांनी शतकानुशतकं याच डोंगरात धनुष्याने एल्क मारला, त्यांना हाकलून गावाला नाव दिलं ते मीकरचं.

पुढची पाळी एल्कची होती. खाणकामगारांना मांस पुरवणाऱ्या शिकाऱ्यांनी असा काही सपाटा लावला, की १९१० च्या सुमारास अख्ख्या कोलोरॅडोत हजाराच्या आतबाहेरच एल्क उरले. मग शिकारीवर बंधनं आली, वायोमिंगहून एल्क आणून सोडले गेले. आज या एका राज्यात पावणेतीन-तीन लाखांच्या घरात एल्क आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. आणि हे सांभाळायचा मोठा खर्च निघतो तो शिकाऱ्यांच्या परवान्यांतून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७० च्या दशकात धनुष्यबाणांवरही तो लागू झाला. म्हणजे दोन्ही पार्ट्या पैसे भरतात. आता बोला!

बाण सोडायचा तर...

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा. मोठा नर ३०० किलोच्या पुढे, मादी सव्वादोनशेच्या आसपास. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ. नर माद्यांचा कळप राखतात आणि एकमेकांना आव्हान देतात. तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून डरकाळी येईल असं वाटतं, आणि निघते ती बासरी आणि शिट्टीच्या मधली लांब किंकाळी. इथे त्याला बिगुल म्हणतात.

या बिगुलाची नक्कल करून नराला जवळ बोलवायचं, हाच धनुष्यवाल्यांचा फंडा. कारण त्यांना जनावर हवं असतं ३०-४० पावलांवर. जास्तीत जास्त!

धनुष्य म्हणजे चित्रातल्या रामाचं नव्हे हं. कप्प्या आणि दोऱ्यांचं कंपाउंड धनुष्य. मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलनने १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीला जोर लावून ओढायचं, पण पूर्ण ताणलं की कप्प्यांमुळे भार एकदम हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं. याच जातीच्या धनुष्यावर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा फक्त १७ वर्षांची होती. फरक इतकाच, की ते ५० मीटरवरच्या हलत नसलेल्या कागदावर मारतात. इथलं लक्ष्य श्वास घेतं, कान टवकारतं, आणि एक पाऊल पुढे टाकतं. तेही नेमकं तुम्ही बाण सोडल्यावर.

बाणाचा वेग सेकंदाला ८५-९० मीटर. आवाजाचा ३४० च्या आसपास. म्हणजे दोरीचा 'टण्' जनावराला आधी पोचतो आणि बाण मागाहून. चाळीस पावलांवर अर्धा सेकंदही लागत नाही, पण बिचकलेल्या एल्कला तेवढा वेळ पुष्कळ झाला. आणि बाण गोळीसारखा धक्का देत नाही. त्याचं पातं कापतं. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. चार बोटं इकडेतिकडे झाला, तर रात्रभर रक्ताचे थेंब शोधत फिरा. म्हणूनच इथल्या नियमात धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड, म्हणजे १६ किलो, आणि बाणाचं पातं किमान पाऊण इंचाहून थोडं रुंदच लागतं.

फायदे? पहिला म्हणजे वेळ. धनुष्यवाल्याला जवळजवळ अख्खा सप्टेंबर मिळतो. दुसरा म्हणजे शांतता. आणि कोलोरॅडोत राहणाऱ्याला बऱ्याच भागांत हा परवाना सोडतीशिवाय थेट विकत मिळतो.

गज, दारू आणि एकच बार

ठासणीची बंदूक म्हटलं की कोकणातल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर गोळी ठेवायची, गजाने ठासायची, मागे केप लावायची. मग एक बार. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. सराईत माणसालाही अर्धा-पाऊण मिनिट लागतं, तोवर एल्क पुढच्या डोंगरावर.

१९८५ साली टोनी नाइट नावाच्या अमेरिकन कारागिराने एमके-८५ ही नव्या घडणीची ठासणीची बंदूक आणली आणि तेव्हापासून या बंदुका बऱ्याच भरवशाच्या झाल्या. काही राज्यांत तर त्यावर दुर्बीण बसवून २०० मीटरवर मारतात. कोलोरॅडो मात्र याबाबत खवट सासूसारखं आहे. दुर्बीण चालणार नाही. तयार वड्यांची दारू चालणार नाही, सुटीच ओतायची. गोळीभोवती प्लॅस्टिकचं वेष्टण चालणार नाही. एल्कसाठी नळी किमान अर्ध्या इंची. थोडक्यात काय, तर १०० पावलांच्या पलीकडे भल्याभल्यांचा नेम साथ सोडतो.

पण ती १०० पावलं म्हणजे धनुष्याच्या तिप्पट! शिवाय गोळीचा धक्का मोठा, जनावर लवकर पडतं. नाजूक बाजू दोन. एक म्हणजे पाऊस. डोंगरात दुपारी ढग येतात, गारा पडतात आणि दमट दारू 'फुस्' करून गप्प बसते. दुसरी म्हणजे सुट्टी. सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवस मिळतात, बस्स. आणि परवाना सोडतीतून मिळतो, त्याचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. म्हणजे एल्क दिसायच्या पाच महिने आधी तुम्हाला ठरवायचं असतं, की आपण कोण आहोत.

कागदी ताटली

दादाचा जीव धनुष्यावर होता. दोन वर्षं तो ऑफिस सुटल्यावर रेंजवर जात होता. पण वहिनीने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. ती स्वतः मटण खाते, त्यामुळे तिने उगाच प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हणाली, "मारणार असशील तर एका फटक्यात. अर्धवट जखमी करून घरी आलास तर मला सांगू नकोस, आणि पुन्हा जाऊही नकोस."

मग दादाच्या सीनियरने त्याला एक साधी परीक्षा सांगितली. हा सीनियर साठीचा, मीकरजवळच वाढलेला, मितभाषी गृहस्थ. जेवणाची कागदी ताटली घ्यायची. एल्कचं हृदय-फुप्फुस साधारण त्याहून थोडं मोठं. सरावाने गरम झाल्यावर नाही, तर सकाळी उठल्या उठल्या, थंड अंगाने, एक बाण मारायचा. दहा सकाळी दहा बाण. जितक्या पावलांवरून दहाही ताटलीत, तितकी तुमची हद्द.

वीस पावलांवर दादाचे दहाही बाण ताटलीत होते. तीसवर सात. सीनियरच्या ठासणीच्या बंदुकीने सत्तर पावलांवरून दहा. प्रश्न मिटला! एप्रिलमध्ये दोघांनी मादीच्या परवान्यासाठी ठासणीचा अर्ज भरला आणि सोडतीत नाव लागलं. दादाला वाईट वाटलं का? वाटलं ना. पण तो म्हणाला, "वीस पावलांपर्यंत एल्क येऊ देण्याइतका मी अजून शहाणा नाही. झालो की धनुष्य आहेच."

मला ही परीक्षा भयंकर आवडली. आपण कपडे, फोन, नोकरी, सगळं कसं दिसतं त्यावरून निवडतो. इथे निवड होते ती आपण किती पावलांवर भरवशाचे आहोत त्यावरून.

झाडीतला बिगुल

मीकरहून वर ट्रॅपर्स लेकच्या दिशेला गेलं की फ्लॅट टॉप्सचे उभे कडे समोर येतात. तळ्याची उंची ९,६०० फूट, म्हणजे पावणेदोन कळसूबाई. १९१९ साली आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण सरकारी नोकराला इथे पाठवलं होतं, तळ्याभोवती रस्ता आणि बंगल्यांची आखणी करायला. त्याने पाहिलं आणि वरिष्ठांना सांगितलं, इथे काहीच बांधू नका. नोकरीत बॉसला असं सांगणारा माणूस! तो रस्ता झाला नाही. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यामागच्या विचाराचं एक मूळ या तळ्याकाठी आहे असं म्हणतात. १९७५ पासून फ्लॅट टॉप्सही त्याच कायद्याखाली आहे. त्यामुळे वर गाडी नाही, सायकल नाही, चाक असलेलं काहीच नाही. जे मारलं ते पाठीवर किंवा घोड्यावर.

आम्ही चढत होतो ते वाऱ्याच्या हिशेबाने. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर. एल्कला तुमचा वास आला की खेळ खलास. दादा आणि सीनियर दोघांच्या अंगात भडक केशरी जाकीट, डोक्यावर केशरी टोपी. मी शिकारी नव्हतो, तरी मलाही घालायला लावली. ठासणीवाल्यांना कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे. धनुष्यवाल्यांना नाही. आणि हे नऊ दिवस दोघंही एकाच जंगलात असतात!

याचा अर्थ मला तिसऱ्या संध्याकाळी कळला. अ‍ॅस्पेनची पानं नुकती पिवळी व्हायला लागली होती. खालच्या झाडीतून बिगुल आला. सीनियरने गळ्यातल्या नळीतून मादीचा आवाज काढला. उत्तर आलं, आधीपेक्षा जवळून. फांदी मोडल्याचा आवाज. करड्या खोडांमागे काहीतरी तपकिरी हललं. दादाने बंदूक खांद्याला लावली, पण घोडा मागे ओढला नाही. सीनियरने हात आडवा धरला होता. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या छातीत नुसती धडधड.

झाडीतून बाहेर आला तो माणूस. पंचविशीचा, डोक्यापासून पायापर्यंत पानाफुलांच्या कपड्यांत, हातात धनुष्य. तो आम्हाला मादी समजत होता आणि आम्ही त्याला नर!

तिघंही हसले, पण ते हसू बरं नव्हतं. तो पोरगा गेल्यावर सीनियरने खाली बसून सांगितलं, की सप्टेंबर २०२२ मध्ये याच राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एका ठासणीवाल्याने एका धनुष्यवाल्याला एल्क समजून गोळी घातली होती. तिशीतला तो तरुण जागीच गेला. "जनावराचा रंग पाहून बार काढायचा नसतो," सीनियर म्हणाला. "डोकं दिसलं, पाय दिसले, मागचा डोंगर दिसला, मगच." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

धनुष्य की बंदूक, हा प्रश्न मला तोवर क्रिकेट की फुटबॉल यासारखा आवडीनिवडीचा वाटत होता. तो तसा नाही. धनुष्यवाला दिसू नये म्हणून केशरी घालत नाही, आणि त्याच महिन्यात त्याच्या आसपास १०० पावलांवर मारणारी माणसं हिंडतात. धनुष्य निवडलंत तरी त्या नऊ दिवसांत येता-जाता केशरी टोपी घाला, असं अनुभवी धनुष्यवालेच सांगतात. एल्कला केशरी रंग आपल्यासारखा झगझगीत दिसत नाही. माणसाला दिसतो.

पाचव्या दिवशी पहाटे, साठ-पासष्ट पावलांवर, एक मादी कडेने उभी राहिली. दादाचा बार उडाला. पांढऱ्या धुरात क्षणभर काहीच दिसेना. धूर विरला तेव्हा ती चाळीसेक पावलं धावून पडली होती. दादा लगेच उठला नाही. बंदूक पुन्हा भरली, थांबला, मग गेला, आणि तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. मी काही विचारलं नाही. त्यानंतरचा दिवस निव्वळ हमालीचा. खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे सगळं पाठीवरून खाली. तिघांच्या मिळून सात फेऱ्या झाल्या. रात्री दादाने आधी बंदूक धुतली, मग स्वतःचे हात. या दारूची राख नळी खाते, त्यामुळे आळस चालत नाही.

घरी फोन केला तेव्हा वहिनीने एकच विचारलं, "एका फटक्यात?" दादा म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग फ्रीझर रिकामा करते."

मग निवडायचं काय?

हाताशी रोज सरावाची जागा आहे, महिनाभर वेळ आहे, आणि रिकाम्या हाताने परत यायची तयारी आहे, तर धनुष्य. दहातले एक-दोघंच यशस्वी होतात, हे धरून चाला. वर्षातून एकच आठवड्याची रजा मिळते आणि हद्द लांब हवी, तर ठासणीची बंदूक. पण तिथेही बार एकच, आणि सोडतीचा भरवसा नाही. दोन्हींपैकी काहीही घ्या, ताटलीची परीक्षा आधी द्या. मला स्वतःला विचाराल, तर माझ्या हातून बार निघाला नसता. पण पुण्यात बसून पॅकबंद चिकन आणताना 'एका फटक्यात?' हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता, एवढं मात्र लक्षात आलं.

जाण्याआधी एवढं वाचा

* १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना घेण्यासाठी सहसा हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. तोफखान्यातल्या काकांची ओळख चालत नाही!
* परराज्यातल्या आणि परदेशी माणसाला नर एल्कचा परवाना ८०० डॉलरच्या पुढे पडतो. स्थानिकाला त्याच्या दशांशाहूनही कमी. २०२५ पासून बाहेरच्यांना राज्याच्या पश्चिम भागात धनुष्याचा एल्क-परवानाही सोडतीतूनच घ्यावा लागतो.
* तुम्ही व्हिजिटर किंवा एच-१बी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसं बाळगायला सरसकट परवानगी नाही. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राने 'धर जरा' म्हणून पुढे केली तरी आधी नियम नीट विचारून घ्या.
* भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. हौस फारच असेल, तर तिरंदाजीचा क्लास लावा. कागद मेला तरी कुणाची तक्रार नाही.
* फक्त बिगुल ऐकायचा असेल, तर सप्टेंबरच्या शेवटी डेन्व्हरहून दीड-दोन तासांवर एस्टेस पार्क गाठा. शेजारच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये शिकार बंद आहे, त्यामुळे एल्क निवांत असतात. जाकीट जाड घ्या, संध्याकाळी रस्त्याकडेला उभे राहा आणि फोन सायलेंटवर टाका.